घाटाच्या रस्त्यानं माहेरी

विमल,

तू पहाटे गेलीस. दुपारी मोक्षधामातून परत आलो, आंघोळ केली आणि तुझ्या पलंगाशेजारच्या सतरंजीवर आडवा झालो, तो दिवेलागणीपर्यंत उठलो नाही. आपली अश्विनी मधूनमधून दार लोटून बघून जात होती म्हणे. बाहेरच्या खोलीत भेटायला आलेली माणसं बसलेली, आणि मी आत घोरत होतो.

जाग आल्यावर आधी कान लावला. सवयच ती. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर नव्हती. तुझ्या श्वासाची ओढाताण नव्हती. गेले कित्येक महिने त्या दोन आवाजांच्या मध्ये मी झोपत होतो, म्हणजे झोपत नव्हतोच. ते थांबलेले कळलं आणि मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं. आधी आलं ते हायसं वाटणं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माणसं येतात, हात हातात घेतात, 'फार वाईट झालं' म्हणतात, मी मान हलवतो. पोरीलाही सांगितलं नाही. तुला मात्र सांगायला काही वाटत नाही, कारण तू एवढंच म्हणाली असतीस, 'मंग? त्यात काय लपवाचं?'

नागपूरला पुन्हा न्यायचं की नाही, हा आपला शेवटचा वाद अर्धाच राहिला. 'तिथं काय नवीन फुप्फुस विकत भेटते का?' असं म्हणून तू खिडकीकडे तोंड फिरवलंस. मी गप्प बसलो ते पटलं म्हणून नव्हे, बोलताना तुला धाप लागत होती म्हणून. धापेच्या जोरावर वाद जिंकलीस तू. अजूनही मला वाटतं की एकदा जायला हवं होतं. पण तू आपल्या घरात गेलीस, पारिजात दिसत होता त्या खिडकीशी, दवाखान्यातल्या सुया-नळ्यांशिवाय, हे आठवलं की माझा राग टिकत नाही.

दिनकर चौदावं होईपर्यंत इथंच होता. तुझा धाकटा भाऊ, तुला बाई म्हणणारा, पण आता त्याच्याकडे बघून कुणी धाकटा म्हणणार नाही; डोकं पार पांढरं झालंय. फारसा बोलायचा नाही. ओट्यावर बसून राहायचा, आल्यागेल्याला पाणी द्यायचा. एका दुपारी कप विसळता विसळता म्हणाला, 'भाऊजी, बाई घाटातून आलती तो दिवस आठवते का?' मी म्हटलं, 'तू कुठं होतास त्या दिवशी, ते आठवतं.' आणि आम्ही दोघं हसायला लागलो. हसू आवरेना. नेमके तेव्हाच शेजारचे काका सुतकी चेहरा करून दारात आले आणि उंबऱ्यातच थबकले.

तो दिवस मला पुन्हा तुझ्यासमोर मांडायचाय. तू असताना हा किस्सा तूच सांगायचीस आणि मला मध्ये बोलू द्यायची नाहीस.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव दिल्लीच्या बातम्यांत येत होतं, आणि ज्या कारणानं येत होतं ते आजही तोंडानं म्हणवत नाही. सकाळी पेपर आला की तू आधी आतलं पान उघडायचीस. उभ्या उभ्या गावांची नावं वाचायचीस. तुझ्या माहेरचा महागाव तालुका नाही एवढं बघितलं की घडी घालून पेपर माझ्या हातात द्यायचीस आणि चहा ठेवायला जायचीस. 

त्या वर्षी भाऊबीजेला दिनकर आला नाही, म्हणून आपण एस.टी.नं फुलसावंगीला, तुझ्या माहेरी गेलो. तू ताट घेऊन बसलीस, तो ओवाळून घेता घेताही भिंतीकडे बघत होता. जेवणं झाल्यावर तू त्याला समजवायला लागलीस. सगळं रान कापसाखाली घालू नको, अर्ध्यात तूर घे, सोयाबीन घे. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग एकदम म्हणाला, 'तुले काय मालूम? फॅनखाली बसून पेपर वाचाचा आन् मले शेती शिकवाची. एस.टी.त बसून याचं, चहा प्याचा, चाललं. येकदा आपल्या पायानं ये, मंग सांग मले.'

परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसलीस आणि यवतमाळ येईपर्यंत खिडकीशीच राहिलीस. त्यानंतर दिनकर फोनवर येईनासा झाला. गावातल्या किराणा दुकानात फोन लावायचा, दुकानदारानं पोरगा पाठवायचा, पाच-दहा मिनिटांनी निरोप यायचा: शेतात गेला. दर वेळी शेतात.

आता सायकलीचं. अश्विनी इंजिनीअरिंगला नागपूरला गेली आणि तिची गिअरची सायकल ओट्यावर धूळ खात पडली. डॉक्टरांनी तुझी साखर बघून रोज चालायला सांगितलं. दोन दिवस चाललीस आणि म्हणालीस, 'चालणं म्हणजे नुसता टाइमपास हाय.' मग सलवार-कमीज घालून सायकल बाहेर काढलीस. लहानपणी तू फुलसावंगीहून पुढच्या गावच्या शाळेत भावाला कॅरिअरवर बसवून जायचीस, ते लग्नात कुणीतरी सांगितलं होतं, पण आमच्या घरात ती गोष्ट मागे पडली होती. आधी लोहाऱ्यापर्यंत जाऊ लागलीस. एमआयडीसीच्या फाटकापाशी वळून परत. मग आणखी पुढे. कचेरीत माझा सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाला, 'वहिनी दारव्हा रोडवर सायकलनं जाताना दिसल्या, घरी सगळं ठीक आहे ना?' मी म्हटलं, ठीक आहे. तेव्हा ते खरंच ठीक होतं.

एका संध्याकाळी लसूण सोलता सोलता तू म्हणालीस, 'मी सायकलनं माहेरी जाऊन राह्यली.'

मला वाटलं गंमत करतेयस. मग तुझ्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, जायचंच असेल तर आर्णीवरून जा, रस्ता जवळचा आणि बराचसा सपाट.

'त्या रस्त्यानं एस.टी. जाते,' तू म्हणालीस. 'मी दारव्हा, दिग्रस, पुसद अशी जातो म्हणलं तर?'

'मध्ये घाट आहे.'

'मालूम हाय मले.'

'मग कशाला?'

'तो म्हणला ना, आपल्या पायानं ये.'

मी दोन दिवस वाद घातला. गुडघे, साखर, ट्रक, कुत्री, लोक काय म्हणतील, सगळं काढून झालं. तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला आणि स्कूटरला ब्रेकची नवी वायर टाकून घेतली. तू एकटी जाणार नव्हतीस, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

पहिल्या दिवशी दिग्रसपर्यंत गेलो, माझ्या मावसभावाकडे मुक्काम. त्याची बायको तुझ्या पायांसाठी गरम पाण्यात मीठ घालून घेऊन आली आणि हळूच मला म्हणाली, 'भाऊजी, पैशाची काही अडचण आहे का?' तिला वाटलं आपल्याकडे तिकिटालाही काही नाही. तू टबात पाय सोडून इतकी हसलीस की पाणी फरशीभर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. कापसाचा हंगाम ऐन भरात. घाटाच्या पायथ्याशी कापसानं फुगलेले ट्रक ओळीनं उभे, ड्रायव्हर चाकामागं दगड लावून बसलेले. भाव मिळेल तिथं माल न्यायचा, नाही तर परत आणायचा, असं चाललं होतं तेव्हा. वळणावळणावर बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते. सगळा घाट पांढऱ्या फुलांनी बहरल्यासारखा दिसत होता आणि त्या दिसण्यात आनंद नव्हता.

तू ओढणी कमरेला बांधलीस आणि चढाला लागलीस. मी मागं स्कूटर पहिल्या गिअरमध्ये. तू पुटपुटत होतीस. आधी मला वाटलं देवाचं नाव घेतेयस. जवळ आलो तेव्हा ऐकू आलं. प्रत्येक पायडलला, 'थांब दिन्या. थांब दिन्या.' पाठ घामानं ओली झाली होती, मान खाली, आणि चाक इतकं हळू फिरत होतं की आता पडेल, आता पडेल असं मला वाटत होतं. पडलं नाही.

मग माझी स्कूटर बंद पडली. इंजिन तापलं होतं. मी हाका मारल्या, तू थांबली नाहीस. स्कूटर ढकलत ढकलत मी वर येत राहिलो. खालच्या वळणावरून वरचं वळण दिसत होतं, आणि तिथं मी तुला स्वच्छ बघितलं: तू उभी होतीस. एक पाय जमिनीवर. यावर आपलं पुढं आयुष्यभर भांडण झालं. तू म्हणायचीस, 'मी पाय टेकवलाच नाही, मी हळू चालली होती.' मी म्हणायचो, मी बघितलं. तू म्हणायचीस, 'तुम्ही स्कूटर ढकलत होते, तुमच्या डोळ्यात घाम गेलता.' आता हा निकाल कुणी द्यायचा? मी माझं म्हणणं मागं घेत नाही. तू होतीस तेव्हा घेतलं नाही, आता घेतलं तर तुला दया केल्यासारखं वाटेल.

माथ्यावर पोचलो तेव्हा तू एका ट्रकवाल्याच्या कॅनमधलं पाणी पीत होतीस. तो विचारत होता, 'कुठं चालल्या बाई?'

'माहेरी.'

'अन् हे मागून कोण येऊन राह्यले ढकलत?'

'हे मले पोचवून द्यायले आले,' तू म्हणालीस. ट्रकवाल्यानं माझ्याकडे बघून मलाही पाणी दिलं.

उताराबद्दल तू कधीच फार बोलायची नाहीस, म्हणून मीच सांगतो. पुसदच्या बाजूला रस्ता खाली झेपावतो. दोन्ही ब्रेक चांगले होते. तू ते लावत नव्हतीस. इंजिन गार होऊन माझी स्कूटर पुन्हा सुरू झाली होती; मी मागून ओरडत होतो आणि वारा माझा आवाज परत माझ्याच तोंडात कोंबत होता. खाली सपाटीला तू थांबलीस तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहून कानापर्यंत धुळीच्या रेघा गेल्या होत्या. मी रागानं बोलायला तोंड उघडलं. तू म्हणालीस, 'मले आजपर्यंत कोणी असं मोकळं सोडलं नव्हतं.' माझा राग तिथंच संपला.

पुसदनंतर आणखी चढ-उतार, मग महागाव, मग ओळखीचा रस्ता. उन्हं कलायला लागली तेव्हा फुलसावंगीत शिरलो. बाया दारात येऊन बघत होत्या. तू सायकल दिनकरच्या अंगणात नेऊन उभी केलीस आणि मोठ्यानं म्हणालीस, 'दिन्या, बाहेर ये. पायानं आली मी.'

सुनंदा बाहेर आली, दिनकरची बायको. तुला बघून तिनं पदर तोंडाला लावला. दिनकर घरात नव्हता. ती सांगू लागली, दुपारी दुकानातून फोनचा निरोप आला, तो गेला, परत आला. ताट वाढलेलं होतं, तसंच ठेवून सायकल काढली आणि निघून गेला. कुठं, ते सांगितलं नाही.

'कोणाचा फोन होता?' मी विचारलं.

'नाही सांगतलं. तोंड पांढरं पडलं होतं त्याहीचं.'

तू सुनंदाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. ज्या भीतीनं तू रोज आतलं पान उघडायचीस ती मी त्या वेळी पहिल्यांदा उघड्यावर बघितली. तू पाणीसुद्धा प्यायली नाहीस. तीच सायकल वळवलीस आणि शेताच्या वाटेला लागलीस. सकाळपासून घाट चढलेले पाय, पण मला स्कूटरवरून तुला गाठता येईना.

शेतात कुणी नव्हतं. बोंडं फुटून कापूस लोंबत होता, वेचायचा राहिलेला. तू बांधावरून हाका मारल्यास. 'दिनकर.' लहानपणीच्या नावानं नाही, पूर्ण नावानं. उत्तर नाही. मग तू सायकल आडवी टाकलीस आणि विहिरीकडे गेलीस.

मी बांधावरच थांबलो. तू काठावर वाकलीस आणि किती वेळ वाकून होतीस देव जाणे. मग सरळ झालीस, माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीस. नाही, म्हणून. तिथं वाकताना तुझ्या मनात काय होतं, हे मी तुला कधी विचारलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. विचारायला हवं होतं असंही नाही. काही गोष्टी दोघांना माहीत असल्या की पुरतात.

गावाकडे परत येताना रस्त्यावर समोरून एक माणूस सायकल ढकलत येताना दिसला. मागच्या चाकातली हवा गेलेली, सदरा घामानं चिकटलेला. त्यानं आपल्याला बघितलं आणि तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

'कुठून आली तू?' दिनकर म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता.

'पुसदवरून. घाटातून.'

'घाटातून काहून आली? मी आर्णीच्या रस्त्यानं पाह्यत पाह्यत पार लांब गेलतो. अश्विनीचा फोन आला, आई सायकलनं येऊन राह्यली म्हणून. मले वाटलं पडली असन कुठं. ट्रकखाली आली असन. येक येक नाली पाह्यली मी.'

आईच्या काळजीनं पोरीनं फोन केला होता, पण कुठल्या रस्त्यानं ते तिला माहीत नव्हतं. आपण नेहमी आर्णीवरून जायचो, म्हणून दिनकरही तिकडेच गेला. तू त्याला विहिरीत शोधत होतीस तेव्हा तो तुला रस्त्याकडेच्या नालीत शोधत होता.

तू पुढं गेलीस आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातलास, चांगला जोरात. मग रस्त्याच्या कडेला खाली बसलीस. तोही बसला. आधी तो हसला की तू, ते मला सांगता येणार नाही. बैलगाडीवाला एक जण थांबून विचारून गेला, 'काय झालं?' दिनकर म्हणाला, 'काही नाही, बहीण आली.'

त्या संध्याकाळी दिनकर जेवला. तू तुरीचा विषय काढला नाहीस. तोच म्हणाला, 'पुढच्या साली लावतो अर्ध्यात तूर. बाई एवढी घाटातून आली तर ऐका लागन.' त्यानं लावली का? अर्ध्यात नाही, चतकोरात लावली. तुझ्या हिशेबी तो तुझाच विजय होता. त्यामुळं सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. पुढची दोन-तीन वर्षं वाईटच गेली. पण तो फोनवर यायला लागला. शेतात असला तरी यायचा. आणि दर हिवाळ्यात तुम्ही दोघं घाटाच्या माथ्यावर भेटायला लागलात, तू इकडून, तो तिकडून त्याच्या जुन्या काळ्या सायकलीवर. मी स्कूटरवरून डबा घेऊन यायचो. माथ्यावरचा तो डबा हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं जेवण आहे, हे मी तुला कधी म्हटलं नाही. पोळी-भाजीला कुणी एवढं म्हणत नाही.

शेवटच्या महिन्यांत मी तुझ्या पाठीशी उशी धरून बसायचो आणि तुझा श्वास ऐकायचो. घाटात ऐकायचो तोच, पण तिथं माथा होता, आणि माथ्यावर पाणी देणारा कुणीतरी होता. इथं चढच चढ. दिनकर तुझे पाय चेपत बसायचा. एकदा तू डोळे मिटूनच त्याला म्हणालीस, 'दिन्या, लय झालं रे आता.' तो म्हणाला, 'हो बाई.' मला ते त्या वेळी सहन झालं नाही, मी उठून बाहेर गेलो. आज वाटतं, त्यानं बरोबर उत्तर दिलं. मला जमलं नसतं.

आज सकाळी दिनकर गावाला परत गेला. मी म्हटलं राहा अजून, तर म्हणाला, कापूस फुटलाय, वेचणीला बाया लावायच्या आहेत. दुपारी त्याचा फोन आला, आता त्याच्या स्वतःच्या खिशातल्या फोनवरून.

'भाऊजी, पोचलो.'

'बरं झालं.'

'वेचणी लागली. बोंडं बरी हायत औंदा.'

मग हळूच म्हणाला, 'भाऊजी, येक सांगू का? राग नका मानू. वाईट तर वाटतेच. पण घरी आलो, हातपाय धुतले, आन् बरं वाटून राह्यलं मले. बाईचे हाल सरले.'

मी भिंतीला टेकून खाली बसलो. म्हटलं, 'दिनकर, मलाही.'

तो रडत होता बहुतेक. मीही. पण दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. थोड्या वेळानं त्यानं नाक पुसलं आणि भाव काय निघेल औंदा, असं विचारलं. मला त्यातलं काही कळत नाही, तुला माहीतच आहे. तरी आम्ही बराच वेळ कापसाबद्दल बोललो.